शेजारीं ठेविलेली किल्ली

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

प्रवासाहून परत आल्यावर कुलूप उघडून घरांत पाऊल टाकण्याचा पहिला क्षण आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. बंद घराचा एक विशिष्ट वास येतो, फरशीवर धुळीचा पातळ थर असतो, भिंतीवरच्या दिनदर्शिकेचें पान मागच्याच महिन्याचें असतें. त्या क्षणीं आपले डोळे नकळत सगळीकडे फिरून येतात, आणि सारें जेथल्या तेथें आहे अशी मनाची खात्री झाली म्हणजे आपण हातांतलें सामान खालीं ठेवतों. परंतु एखादे वेळीं ती खात्री होत नाहीं. चोरी झालेली नसते. कुलूप शाबूत असतें, दागिने जागच्या जागीं असतात, पैसे मोजले तर बरोबर भरतात. तरी कांहीं तरी हललें आहे असें वाटत राहतें. आणि मग आठवतें कीं, या घराची दुसरी एक किल्ली आहे, व ती आपणच आपल्या हातांनीं एका विश्वासाच्या माणसाकडे देऊन गेलों होतों.

चोराविषयीं बोलणें सोपें आहे. त्याच्याशीं आपलें कांहीं नातें नसतें. त्याच्यावर रागावलें म्हणजे झालें. मला आज बोलावयाचें आहे तें या दुसऱ्या माणसाविषयीं. त्यानें आपली एक पैही घेतलेली नाहीं. पण आपल्या पाठीमागें त्यानें आपले खण उघडले, कागद चाळले, अशी शंका आपल्या मनांत शिरली आहे. या शंकेचें काय करावें? ती खरी कीं खोटी हें ओळखावें कसें? हे प्रश्न दिसावयास लहान आहेत, पण यांच्या पायीं वीस वीस वर्षांचे शेजार तुटलेले मीं पाहिले आहेत. एकदां तर तो प्रसंग माझ्याच घरीं आला. तो आधीं सांगतें, म्हणजे मी काय बोलतें आहें तें ध्यानांत येईल.

आमच्या समोरच्या बिऱ्हाडांतील वहिनींकडे आमच्या घराची किल्ली अठरा वर्षें होती. गेल्या वर्षीं मुलीच्या बाळंतपणासाठीं आम्ही उभयतां तीन आठवडे नागपुरास गेलों. तुळशीला पाणी घालणें, टपाल आंत आणून ठेवणें, गॅसच्या टाकीवाला आला तर दार उघडणें, हीं कामें वहिनी नेहमींप्रमाणें करीत होत्या. परत आलों त्या रात्रीं औषधांची चिठ्ठी काढण्यासाठीं मीं कपाटाचा खालचा खण उघडला. तेथें यजमानांच्या तपासण्यांच्या कागदांची फाईल असते. तिची नाडी मी नेहमीं निरगांठीनें बांधतें. सुरगांठ आपोआप सुटते म्हणून मला ती आवडत नाहीं. त्या रात्रीं फाईलला सुरगांठ होती.

यजमानांना मूत्रपिंडाचा विकार जडला आहे हें आम्हांला दोन महिन्यांपूर्वीं कळलें होतें, आणि मुलीखेरीज कोणालाही आम्हीं तें सांगितलें नव्हतें. सांगितलें नव्हतें याचें मोठेंसें कारण नव्हतें. कांहीं गोष्टी सांगण्याइतक्या आपल्याच अंगवळणीं पडलेल्या नसतात, एवढेंच. आठ दिवसांनीं वहिनींनीं दुधीची भाजी वाटींतून पाठविली. मिठाच्या बाबतींत वहिनींचा हात चुकल्याचें अठरा वर्षांत मला आठवत नाहीं. ती भाजी अगदीं अळणी होती. माझ्या हातांतला घास हातांतच राहिला.

पुढें काय झालें तें शेवटीं सांगेन. मधल्या काळांत मीं जो विचार केला, आणि जें थोडेंबहुत वाचलें, तें आधीं सांगतें.

प्रथम कुलुपाचाच विचार करूं, कारण आपली अर्धी समजूत तेथेंच चुकते. आज शहरांतील घरोघरीं दाराला जें लॅच असतें, त्याच्या पोटांत एक लहानसा दंडगोल असतो आणि त्यांत पांच-सहा खिळे एका ओळींत बसविलेले असतात. प्रत्येक खिळा दोन तुकड्यांचा असून वरून त्याला स्प्रिंगेचा दाब असतो. किल्लीच्या दांत्यांनीं हे खिळे नेमके इतके उचलले जावे लागतात कीं, प्रत्येकाचा सांधा दंडगोलाच्या कडेशीं जुळला पाहिजे; तो जुळला म्हणजे दंडगोल फिरतो आणि दार उघडतें. याच तत्त्वाचें लाकडी कुलूप प्राचीन इजिप्तमध्यें वापरीत असत. त्याला आजचें सुबक धातूचें रूप अमेरिकेंतील लिनस येल यानें १८६१ च्या सुमारास दिलें. मुंबईंत अर्देशिर गोदरेज यांनीं लालबागेंत १८९७ सालीं कुलुपें करावयास प्रारंभ केला, हेंही पुष्कळांना ठाऊक असेल. परंतु कुलूप लाकडी असो कीं पोलादी, तें प्रश्न एकच विचारतें : तुझे दांते किती उंचीचे आहेत? आंत कोण आलें, कशासाठीं आलें आणि किती वेळ थांबलें, याच्याशीं त्याला कर्तव्य नाहीं.

कोणी आंत शिरूं पाहत होतें हें मालकास सांगणारें कुलूपही एका इंग्रज कारागिरानें केलें होतें. १८१७ सालीं पोर्टस्मथ येथील गोदींत चोरी झाली, आणि तिच्यानंतर जेरेमाया चब यानें १८१८ सालीं एका नव्या कुलुपाचें पेटंट घेतलें. त्यांतील पट्ट्यांपैकीं एखादी पट्टी खोट्या किल्लीनें किंवा आंकड्यानें गरजेपेक्षां जास्त उचलली गेली कीं ती एका अडकणींत अडकून बसे. मग मालक आपली खरी किल्ली घेऊन आला तरी तीही फिरेना, आणि आपल्या मागें कोणी तरी येथें खटपट केली हें त्यास कळे. सुरुवातीस ही अडकण सोडविण्यासाठीं निराळी किल्ली लागत असे. पुढें तीच किल्ली उलट फिरवून काम भागूं लागलें. १८५१ सालीं लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळीं हॉब्ज नांवाच्या अमेरिकन कारागिरानें हें कुलूपही सुमारें पंचवीस मिनिटांत उघडून दाखविलें, ती गोष्ट निराळी. माझ्या मनांत भरलें तें असें : इतकें चतुर कुलूप देखील खोट्या किल्लीचीच चुगली सांगतें. खऱ्या किल्लीपुढें तें मुकें असतें. आणि आपल्या विश्वासाच्या माणसाजवळ असते ती खरीच किल्ली.

हल्लीं विजेचीं कुलुपें निघालीं आहेत. दार किती वाजतां उघडलें याची तीं नोंद ठेवतात. पण तुळशीला पाणी घालण्याचीं पांच मिनिटें आणि कोणाचें पत्र वाचण्याचीं पांच मिनिटें त्या नोंदींत सारखींच दिसणार. किल्ली परत मागून घेतली म्हणजे प्रश्न मिटला, असेंही कोणी समजूं नये. रस्त्याच्या कडेला कानस घेऊन बसलेला चावीवाला पाहतां पाहतां दुसरी किल्ली करून देतो. २००८ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅन दिएगो येथील विद्यापीठाच्या संगणकशास्त्रज्ञांनीं तर दूर अंतरावरून काढलेल्या छायाचित्रावरून किल्ली तयार करतां येते हें दाखवून दिलें. ज्यांना खरोखरच किल्लीची भीति वाटते त्यांनीं लॅचचा आंतला दंडगोलच बदलावा. त्याला खर्च थोडा लागतो आणि त्यासाठीं कोणावर आरोपही करावा लागत नाहीं.

आपल्या आजीच्या वाड्यांत हा प्रश्न बहुधा उद्भवलाच नसता. तेथें दाराला आंतून अडसर असे, आणि अडसर आंतूनच लागतो. म्हणजे घरांत कोणी तरी सदैव आहे हें त्यांत गृहीत धरलेलें होतें. बाहेरून मोठें कुलूप पडे तें सारें कुटुंब काशीला निघालें तर. किल्ल्यांचा जुडगा सासूच्या कमरेला, आणि तो सुनेच्या हातीं आला म्हणजे घराचा कारभार तिच्याकडे आला. गिरगांवांतील चाळींत दिवसां दारें उघडींच असत, आणि शेजारणीनें फडताळांतून साखरेचा डबा काढून नेला तर तिला उचकपाचक असें कोणी म्हणत नसे. दोन माणसांचें कुटुंब, दोघेंही दिवसभर बाहेर, आणि दार ओढलें कीं आपोआप बंद होणारें लॅच, या तिहींची गांठ पडली तेव्हां आपल्या गैरहजेरींत आपल्या घरांत वावरण्याची मुभा असलेला माणूस निर्माण झाला. तो फार जुना नाहीं, म्हणूनच त्याच्यासाठीं आपल्याकडे रीतिरिवाजही ठरलेले नाहींत. सुनेच्या हातीं जुडगा देतांना चार शब्द सांगितले जात. शेजारीं किल्ली ठेवतांना आपण काय सांगतों? "ही असूं द्या तुमच्याकडे," इतकेंच.

आतां त्या हललेल्या वस्तूकडे वळूं. वस्तु हलली आहे, ही आपली साक्ष कितपत भरंवशाची? श्रोत्यांनीं एक सोपा प्रयोग करून पाहावा. या क्षणीं स्वयंपाकघरांत न जातां, फडताळाच्या मधल्या फळीवर डाव्या हातापासून डबे कोणत्या क्रमानें आहेत तें कागदावर लिहावें, आणि मग जाऊन पडताळून पाहावें. रोज दहा वेळां हात जात असूनही बहुतेकांचें चुकेल. निकरसन आणि ॲडम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं असाच प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं लोकांना त्यांच्या रोजच्या वापरांतील एका सेंटचें नाणें स्मरणानें काढावयास सांगितलें. जन्मभर हाताळलेलें तें नाणें. पण लिंकनचा चेहरा कोणत्या बाजूस वळलेला आहे आणि अक्षरें कोठें आहेत, हें बहुतेकांना बरोबर दाखवितां आलें नाहीं. ओळखीच्या वस्तूकडे आपण पाहतच नाहीं; ती आहे एवढ्यावर समाधान मानतों.

याहून धोक्याची गोष्ट पुढें आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनीं १९७४ सालीं कांहीं लोकांना मोटारींच्या अपघाताचा चित्रपट दाखविला. गाड्यांचा वेग किती होता हें विचारतांना कोणापुढें "लागल्या" असा शब्द वापरला, तर कोणापुढें "आदळून चुराडा झाला" अशा अर्थाचा. जोराचा शब्द ऐकणाऱ्यांनीं वेग अधिक सांगितला. आठवड्यानंतर त्यांना विचारलें कीं, फुटलेली कांच पाहिलीत का? जोराचा शब्द ज्यांनीं ऐकला होता त्यांतील अधिक लोक "पाहिली" म्हणाले. चित्रपटांत फुटलेली कांच मुळींच नव्हती. मीं त्या रात्रीं सुरगांठ पाहिली आणि मनाशीं म्हणालें, "कोणी तरी उचकपाचक केली आहे." शब्द एकदां उच्चारल्याबरोबर मला सगळीकडे खुणा दिसूं लागल्या. चष्म्याचें घर उलटें होतें. देव्हाऱ्यांतली हळदीची कोयरी उजवीकडे सरकली होती. साड्यांची घडी मोडली होती. खरोखर पाहतां, नागपूरच्या गाडीची वेळ गांठण्यासाठीं निघतांना ती घडी मीच घाईनें मोडली असण्याचा संभव कितीतरी जास्त होता.

शिवाय घरांतील वस्तु माणसांवांचूनही हलतात. पावसाळ्यांत लाकूड हवेंतील ओल शोषून फुगतें, आणि तें तंतूंच्या आडव्या दिशेनें फुगतें. लांबींत जवळ जवळ फरक पडत नाहीं. त्यामुळें मे महिन्यांत पुरा बंद होणारा खण जुलैंत दोन बोटें बाहेर राहतो, आणि बंद केल्याचें स्पष्ट आठवत असल्यामुळें आपणांस दुसऱ्याचा हात दिसूं लागतो. उंदीर आहेत, पाली आहेत, मुंबईंत तर न्हाणीघराच्या झरोक्यांतून शिरणारीं कबुतरें आहेत. आणि सर्वांत मोठें कारण म्हणजे आपल्याच घरांतील दुसरें माणूस. शंका आली म्हणजे आधीं घरच्यांना विचारावें. पुष्कळ संशय तेथेंच संपतात. मीं यजमानांना विचारलें. ते म्हणाले, "गांठ कोणती होती तें मीं जन्मांत पाहिलेलें नाहीं." हें उत्तर खरें होतें, पण त्यानें कांहीं सिद्ध होत नव्हतें.

मग विश्वासार्ह खूण कोणती? माझ्या मतें हललेल्या वस्तूपेक्षां कळलेली गोष्ट मोठी. जें आपण कोणालाही सांगितलें नाहीं तें दुसऱ्याच्या बोलण्यांत, प्रश्नांत किंवा वागण्यांत आलें, तर तें वाऱ्यानें किंवा उंदरानें झालेलें नसतें. अर्थात् येथेंही उतावीळ करूं नये. घरांतील गोष्टी बाहेर जाण्याच्या वाटा अनेक असतात : कचऱ्याच्या टोपलींतलीं औषधांचीं वेष्टनें, जिन्यांत मोठ्यानें केलेलें फोनवरचें बोलणें, औषधांच्या दुकानांत शेजारीं उभा असलेला माणूस. अळणी भाजीनें मला एवढेंच सांगितलें कीं वहिनींना ठाऊक आहे. कसें ठाऊक आहे, तें ती भाजी सांगत नव्हती.

अशा वेळीं मनांत पहिला विचार येतो तो सापळ्याचा. खणाच्या फटींत केंस चिकटवून ठेवावा, कागदावर पावडर भुरभुरावी, किंवा हल्लींच्या रीतीप्रमाणें पुस्तकांच्या रांगेंत एखादा लहानसा कॅमेरा दडवावा. मीही केंस चिकटविण्यापर्यंत गेलें होतें. खोटें कशाला बोलूं? त्या वेळीं मला कौटिल्याच्या अर्थशास्त्राची आठवण झाली. राजानें अमात्यांची गुप्त परीक्षा कशी घ्यावी हें त्यांत सविस्तर सांगितलें आहे. धर्माचें, द्रव्याचें, कामाचें आणि भयाचें अशीं चार आमिषें दाखवून माणूस कोणत्या ठिकाणीं ढळतो तें पाहावें, आणि त्याप्रमाणें त्याला काम द्यावें. कौटिल्यास कोणी भाबडा म्हणणार नाहीं. तरी याच प्रकरणाच्या शेवटीं तो पूर्वाचार्यांपासून वेगळा होतो आणि म्हणतो कीं, या परीक्षांत राजानें स्वतःला किंवा राणीला आमिष म्हणून वापरूं नये. शुद्ध माणसाची परीक्षा घेणें हें चांगल्या पाण्यांत विष कालविण्यासारखें होऊं शकतें, आणि एकदां बिघडलेल्या मनाला औषध सांपडेलच असें नाहीं.

राजाला जें सांगितलें तें शेजारधर्मालाही लागू आहे. सापळा लावला आणि त्यांत कोणी सांपडलें नाहीं, तर आपली शंका फिटत नाहीं. "या वेळीं सावध राहिल्या असतील," असें मन म्हणतें. सांपडलें, तर आपण लपून पाहत होतों हेंही सांगावें लागतें, आणि मग कोणी कोणाच्या घरांत डोकावलें याचा हिशेब उलटा होतो. केंस मीं काढून टाकला.

कायद्याकडे जावें म्हटलें तर तेथें हें प्रकरण सहसा मावत नाहीं. १८६० च्या दंड संहितेंत गुन्हेगारी अतिक्रमणाची जी व्याख्या होती, जवळ जवळ तीच १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत आहे. दुसऱ्याच्या ताब्यांतील जागेंत गुन्हा करण्याच्या, किंवा ताबेदारास धाक घालण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या अथवा त्याला त्रास देण्याच्या हेतूनें शिरणें, किंवा रीतसर शिरून अशा हेतूनें बेकायदा तेथें थांबणें, असें तिचें स्वरूप आहे. आपण स्वतः किल्ली दिलेल्या माणसाच्या कुतूहलांत असा हेतु दाखविणें कठीण. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असें सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें सांगितलें. पण तो वाद प्रामुख्यानें नागरिक आणि शासन यांच्यामधला होता, शेजारणीच्या आणि माझ्या मधला नव्हता. मात्र पैसा गेला असेल, महत्त्वाच्या कागदांच्या नकला निघाल्या असतील, किंवा घरांत कोणीं चोरून छायाचित्रें घेण्याचें साधन बसविलें असेल, तर तेथें भीड धरूं नये. सरळ पोलिसांकडे जावें. भाड्याच्या घरांत तर घरमालकाजवळची किल्ली हा करारांत लिहून घेण्याचा विषय आहे : त्यानें केव्हां यावें, आधीं किती दिवस कळवावें, हें स्पष्ट असावें.

आणखी एका किल्लीविषयीं बोललें पाहिजे. पुष्कळ घरांची दुसरी किल्ली घरकाम करणाऱ्या बाईंकडे असते. आपण शेजारणीवर संशय घेतला तर दोन बरोबरीच्या घरांत अबोला होतो. बाईंवर घेतला तर त्यांचें काम जातें, आणि तें एका घरचें जात नाहीं. एका मजल्यावर उच्चारलेला शब्द संध्याकाळपर्यंत साऱ्या इमारतींत पोंचतो, आणि त्यांच्या बाजूनें बोलावयास कोणी नसतें. माझ्या ओळखीच्या एका घरीं एक पत्र सांपडेना म्हणून अकरा वर्षांच्या बाईंना निरोप दिला गेला. तें पत्र पुढें जुन्या पंचांगांत मिळालें. बाईंना परत बोलावलें का, असें मीं विचारलें. "आतां कोणत्या तोंडानें बोलावणार?" असें उत्तर आलें. निश्चित पुराव्यावांचून येथें तोंड उघडूं नये, हें मी थोड्या कडकपणानेंच सांगतें.

या साऱ्या विचारानंतर माझ्या ध्यानांत आलें तें असें. मी इतके दिवस विचारीत होतें कीं, वहिनींनीं विश्वासघात केला का? परंतु विश्वास कशाचा होता हें मीं कधीं ठरविलेंच नव्हतें. किल्ली देतांना आपण दार देतों. खण, कपाट, पत्रें देतों कीं नाहीं, हें आपल्या मनांत स्पष्ट असतें, आणि दुसऱ्याच्याही मनांत तें तसेंच असेल असें आपण धरून चालतों. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यानें १९०८ सालच्या ग्रंथांत विश्वासाला जाणणें आणि न जाणणें यांच्या मधली अवस्था म्हटलें आहे. ज्याला सारें ठाऊक आहे त्याला विश्वास ठेवण्याची गरज नाहीं, आणि ज्याला कांहींच ठाऊक नाहीं तो शहाणपणानें विश्वास ठेवूं शकत नाहीं. किल्लीच्या बाबतींत ही मधली जागा बोलून थोडी लहान करतां येते. "तुळस, टपाल आणि गॅस. कपाट मात्र आमचें आम्हीच उघडूं," असें म्हटल्यानें कोणाचा अपमान होत नाहीं. तें म्हणवत नसेल, तर एका कपाटाला कुलूप लावून जावें. बंद कपाट आरोप करीत नाहीं. तें फक्त बंद असतें.

शंका आलीच असेल, तर जें पाहिलें तें त्याच दिवशीं तारीख घालून लिहावें, कारण आठ दिवसांनीं आठवण वाढलेली असते. आणि मग विचारावयाचें झालें तर घटनेविषयीं विचारावें, स्वभावाविषयीं नव्हे. एकान्तांत विचारावें, आणि उत्तर ऐकण्याची तयारी ठेवून विचारावें. ही शेवटची अट सर्वांत कठीण.

मीं वहिनींना दुपारीं चहाला बोलाविलें आणि म्हटलें, "वहिनी, आम्ही नागपुरास असतांना आमचा खालचा खण उघडावा लागला का हो?"

त्या लगेच म्हणाल्या, "हो. तपासणीवाला मुलगा पाकीट घेऊन आला होता. टपालांत ठेवलें असतें तर इकडे तिकडे झालें असतें, म्हणून फाईलींत ठेवलें. तुमचा पाय मोडला होता तेव्हां तुम्हींच नव्हता का तो खण मला दाखविलात?"

दाखविला होता. मी साफ विसरून गेलें होतें.

"आणि वाचलेंत?"

त्या बराच वेळ कपाकडे पाहत राहिल्या. "वाचलें," त्या म्हणाल्या. "पाकीट उघडेंच होतें. मग मागचेही कागद पाहिले. पाहूं नयेत हें कळत होतें, ताई. पण भाऊजींचा चेहरा दोन महिने मी पाहतें आहें." आणि थोड्या वेळानें, आवाज न चढवतां : "अठरा वर्षें तुमची किल्ली माझ्याकडे आहे. ही गोष्ट मला कागदावरून कळावी?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतें. त्यांनीं वाचलें हें चुकलें, असें मला आजही वाटतें. पहिलें पाकीट समजूं शकतें, मागचे कागद नाहींत. त्यांनीं आठ दिवस न सांगतां अळणी भाजी पाठवावी, हेंही मला लागलें. पण त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. यजमानांना सारें सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "रोग माझा, कागद माझे, आणि भांडण तुम्हां दोघींचें." त्या बोलण्यावर मी त्यांच्यावर रागावलें, पण त्यांत कांहीं तथ्य होतें.

रिकामें भांडें परत करूं नये म्हणून वहिनींची वाटी मीं साखर घालून पाठविली. दुसऱ्या दिवशीं तीच वाटी परत आली, आणि तिच्यांत आमची किल्ली होती. त्यावर आमच्यांत कांहींच बोलणें झालें नाहीं. दारांत भेट होते, भाजी येते, आणि ती अजूनही अळणीच असते. किल्ली आमच्या खुंटीला आहे. पुढच्या महिन्यांत नातवाच्या पहिल्या वाढदिवसासाठीं आम्हांला पुन्हां नागपुरास जावयाचें आहे, आणि तुळशीचें काय करावयाचें हें अद्याप ठरलेलें नाहीं.

काल यजमानांच्या नव्या तपासणीचा कागद आला. तो फाईलींत ठेवण्यापूर्वीं मीं समोरच्या दारावर टकटक केली आणि त्यांतला आंकडा वहिनींना वाचून दाखविला. मागच्या खेपेपेक्षां तो थोडा बरा होता.

"मग आतां चिमूटभर मीठ घालूं का?" त्यांनीं विचारलें.

डॉक्टरांना विचारून सांगतें, असें मी म्हणालें.